संकन स्लॅब नसलेलं बाथरूम : जमीन उचलून पाइप आत घेण्याच्या कामाच्या नोंदी

६ जानेवारी : पाहणी

कोथरूड, पुणे. १९८०च्या दशकातली आरसीसी इमारत, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. बाथरूम आतून १.३५ × २.१० मीटर, म्हणजे २.८३५ चौ.मी. एका आखूड भिंतीत दार. समोरची आखूड भिंत बाहेरची, २३० मिमी जाडीची, पलीकडे डक्ट (उभ्या पाइपांसाठी सोडलेली उघडी जागा). स्लॅब सपाट, म्हणजे पाइपांसाठी खाली घेतलेला (संकन) नाही. न्हाणी ट्रॅप (जमिनीच्या जाळीखालचं भांडं, ज्यात साठलेलं पाणी वास अडवतं) स्लॅबच्या भोकातून खाली लोंबतो आणि त्याचा पाइप खालच्या फ्लॅटच्या छताला लटकत डक्टपर्यंत जातो. त्या काळच्या पुष्कळ इमारतींत असंच काम आहे. पाइप बीडाचा, सांधे शिशाचे. दोन सांध्यांभोवती खालच्या छताला ओल आहे आणि खाराचा पांढरा थर आलेला आहे.

घरमालकांना संडास-बाथरूम एकत्र हवं आहे आणि यापुढे आपला एकही पाइप दुसऱ्याच्या छताला नको आहे. मागणी रास्त आहे. पाइप खाली राहिला तर प्रत्येक दुरुस्तीसाठी दुसऱ्याच्या घरात शिडी लावावी लागते. शिवाय गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेकडे येते, पण संडास-बाथरूममधल्या आतल्या गळतीचा खर्च सभासदाकडेच असतो.

संस्थेची लेखी परवानगी आली. स्ट्रक्चरल इंजिनिअरना स्लॅब आणि कडेचे बीम दाखवले. त्यांनी दोन अटी घातल्या : स्लॅब आणि बीमला छन्नी लावायची नाही, आणि वाढणारा भार आधी कागदावर दाखवायचा.

डक्टमध्ये दोन उभे पाइप आहेत, दोन्ही ११० मिमी पीव्हीसीचे. एक संडासाचा, तो थेट चेंबरला जातो. दुसरा न्हाणीच्या पाण्याचा, तो गल्ली ट्रॅपवर (तळमजल्याच्या अंगणातल्या उघड्या ट्रॅपवर) पडतो. जुन्या दोन-पाइपी पद्धतीत ही वाटणी मोडायची नसते. जागा जवळ पडते म्हणून कमोड न्हाणीच्या पाइपला जोडला की मैला तळमजल्याच्या गल्ली ट्रॅपवर येतो आणि सगळ्या अंगणात वास सुटतो. दोन्ही पाइपांवर खडूने नाव लिहून ठेवलं. कोणता कुठला हे गृहीत धरलं नाही, वरून बादलीभर पाणी ओतून खाली कुठे येतं ते पाहून मग लिहिलं.

७ जानेवारी : उंचीचा हिशोब

या कामात सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच. "सहा इंच उचलू" असं ठरवून सुरुवात केली की शेवटी एक तर पाइपाला उतार मिळत नाही, नाहीतर पाइपावर फरशीपुरतंही आवरण उरत नाही. आकडा ट्रॅपपासून वर मोजत काढायचा. शून्य म्हणजे उघडा स्लॅब. जुनी फरशी आणि तिच्याखालचा थर मिळून ६० मिमी आहे. तो काढला की तेवढी उंची आपल्याला परत मिळते. बाहेरच्या पॅसेजची फरशी शून्यापासून ८० मिमीवर आहे.

ट्रॅप बाहेरच्या भिंतीपासून ४५० मिमीवर, कोपऱ्याकडे. त्याचं बूड २० मिमीवर बसेल (खालचा उताराचा थर तिथे १०, वर १० मिमी संरक्षक मसाला). दुकानातून ट्रॅप आधीच आणून मोजला : बुडापासून बाहेर जाणाऱ्या तोंडाच्या तळापर्यंत ५५ मिमी, पाण्याची सील (वास अडवणारं पाणी) ५० मिमी. तोंडाचा तळ म्हणजे ७५ वर. त्यावर ७५ मिमीचा पाइप, माथा १५० वर. पाइपावर किमान २५ मिमी कोबा (सिमेंट-मसाल्याचा टणक थर), म्हणजे १७५. वॉटरप्रूफिंग ३, टाइलचा चिकट मसाला ५, टाइल ९. ट्रॅपपाशी पक्की जमीन १९२ वर.

तिथून दारापर्यंत १.६५ मीटर. १ : ८० उताराने २१ मिमी चढ, दाराशी २१३. पॅसेजपेक्षा १३३ मिमी उंच. उंबरठ्याची ग्रॅनाइट पट्टी जमिनीच्या १२ मिमी वर ठेवली की पायरी १४५ मिमीची होते. एक पायरी, पायाला सहज.

ट्रॅपपासून डक्टमधल्या पाइपापर्यंत सुमारे १ मीटर. १ : ४० उताराने २५ मिमी लागतात, उपलब्ध आहेत. अडचण इथे येत नाही. ती बेसिनच्या पाइपाशी येते, आणि बहुतेक ठिकाणी हाच पाइप हिशोबातून राहून जातो. बेसिन ट्रॅपपासून १.२ मीटरवर. त्याचा ५० मिमी पाइप ट्रॅपच्या बाजूच्या तोंडात शिरतो. ते तोंड पाण्याच्या पातळीच्या थोडं वर, ८० वर आहे. १ : ४० ने ३० मिमी चढ, म्हणजे बेसिनपाशी तळ ११० आणि माथा १६० वर. तिथे कोब्याचा माथा १९० येतो. आवरण ३० मिमी मिळतं, निभावतं. बेसिन दाराच्या बाजूला आणखी अर्धा मीटर सरकवलं असतं तर पाइप कोब्यात आला असता आणि सगळी जमीन आणखी १० मिमी उचलावी लागली असती.

कमोडसाठी जमिनीत उंची ठेवलेली नाही. पी-ट्रॅप कमोड घ्यायचा, ज्याचं तोंड मागे उघडतं आणि मध्य पक्क्या जमिनीपासून १८० मिमीवर असतो. कमोड बाहेरच्या भिंतीला पाठ लावून बसतो, पाइप सरळ भिंतीतून संडासाच्या पाइपात. एस-ट्रॅप कमोड (तोंड खाली जमिनीत उघडणारा) घेतला की ११० मिमीचा बेंड जमिनीखाली बसवावा लागतो आणि उचल ३०० मिमीच्या घरात जाते. कमोडची निवड अशी जमिनीआधी करावी लागते. दुकानात रंग-आकार बघून शेवटी घेतलेला कमोड सगळा हिशोब उलटवतो. कमोडच्या पोटात स्वतःचा ट्रॅप असतो, त्याच्यापुढे आणखी एक पी-ट्रॅप जमिनीत घालायचा नाही. दोन ट्रॅप एकापुढे एक आले की मधली हवा अडकते आणि फ्लश संथ होतो.

डोक्यावरची उंचीही आत्ताच पाहिली. दाराची चौकट पॅसेजपासून २१०० मिमी, उंबरठ्यावर १९५५ उरते. अर्ध्या बाथरूमवर माळा आहे, त्याच्या तळाशीही नव्या जमिनीपासून तितकंच अंतर राहील. शॉवर माळ्याखाली घ्यायचा नाही, उघड्या बाजूला घ्यायचा. कमोड आणि शॉवरच्या जागा यावरून ठरल्या.

८ जानेवारी : भार

खालच्या थरापासून कोब्यापर्यंत सरासरी १२५ मिमी भराव, म्हणजे ०.३५ घनमीटर. विटांच्या तुकड्यांचा कोबा घनमीटरला साधारण १९०० किलो भरतो : ६७० किलो. एएसी ब्लॉक (सिमेंटचे हलके, सच्छिद्र ठोकळे) घनमीटरला ५५० ते ६५० किलो. सांध्यांचा मसाला धरून ७५० घेतले तर २६५ किलो.

खालचा थर, वरचा कोबा, टाइल सगळं मिळवून आणि काढलेल्या जुन्या थराचे चौ.मी.ला १२० किलो वजा करून निव्वळ वाढ अशी : ब्लॉकने सुमारे १३० किलो प्रति चौ.मी., विटांच्या तुकड्यांनी सुमारे २७५ किलो. इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक आयएस ८७५, त्याच्या दुसऱ्या भागात घरगुती बाथरूमसाठी वापराचा भार २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो प्रति चौ.मी. धरतात. विटांचा भराव घातला तर माणसं-बादल्यांसाठी ठेवलेल्या मापापेक्षा जास्त वजन कायमचं स्लॅबवर बसतं. इंजिनिअरनी ब्लॉकला होकार दिला.

विटांचे ठोकळे उभे करून वर कडप्पा टाकायचा आणि आत पोकळी ठेवायची, हा तिसरा मार्गही पाहिला. वजनाला तो सगळ्यात हलका. पण पोकळीत आलेलं पाणी दिसत नाही, झुरळांना घर मिळतं, आणि जड कमोडच्या पायाखाली कडप्पा तडकला तर वरचं वॉटरप्रूफिंग त्याच रेषेत फाटतं. पोकळी नको.

९ जानेवारी : तोडकाम

पाण्याचा मुख्य वॉल्व्ह बंद. डक्टमधल्या दोन्ही पाइपांच्या उघड्या तोंडांत गोणपाटाचे बोळे घट्ट बसवले. राबिटाचा एक तुकडा आत गेला की पुढे सगळ्या मजल्यांचं तुंबतं.

भिंतींच्या टाइल पूर्ण उंचीपर्यंत, जमिनीची शहाबादी आणि खालचा थर स्लॅबपर्यंत काढला. मोठा ब्रेकर वापरला नाही. हातोडी-छन्नी आणि शेवटच्या २० मिमीला हलकी चिपिंग मशीन, तीही तिरकी धरून. ब्रेकरच्या ठोक्यांनी खालच्या छताचं प्लास्टर सुटतं आणि त्याचा खर्च आपल्यावर येतो. फक्त जमिनीचं राबिट १३ गोणी निघालं. ते खाली नेलं. भरावात परत टाकायला ठेवलं नाही. जुन्या राबिटात टाइलच्या धारदार कडा असतात, त्या खालचं वॉटरप्रूफिंग कापतात. चुना, लाकूड, रंग असतो, तो दबतो आणि कुजतो.

स्लॅबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासून पाण्याने धुतला. सळई कुठे उघडी नाही. ट्रॅपच्या भोकाच्या कडेला काँक्रीट भुसभुशीत होतं, ते टणक भाग लागेपर्यंत हाताने काढलं.

११ जानेवारी : जुनी भोकं बंद

खालच्या फ्लॅटमधला बीडाचा पाइप उतरवला. स्लॅबमधलं भोक साधारण १५० मिमी. खालून प्लायचा तुकडा टेकू देऊन बसवला, भोकाच्या कडांना टाचे मारले, ओलं केलं, सिमेंट-पॉलिमरचा घोळ लावला आणि तो ओला असतानाच न आकसणारा ग्राउट ओतला. साधा सिमेंट-वाळूचा मसाला इथे चालत नाही. तो वाळताना आकसतो, गोल फट पडते, आणि नंतरचं पाणी बरोबर तीच वाट धरतं. टेकू तसाच राहू दिला, दिवसातून तीनदा पाणी.

खालच्या घरातल्यांना छत लगेच रंगवू नका असं सांगितलं. प्लास्टरमधली ओल पूर्ण सुकायला एक-दोन महिने जातात. त्याआधी लावलेला रंग फुगून पडतो आणि गळती पुन्हा सुरू झाली असा समज होतो.

१३ जानेवारी : खालचा थर आणि निचरा पाइप

उचललेल्या जमिनीच्या पोटात कधीतरी पाणी शिरणार असं धरूनच काम करायचं. वरचं वॉटरप्रूफिंग कितीही चांगलं असलं तरी दहा-पंधरा वर्षांत एखादा सांधा सुटतो, कोणी गीझर बदलताना वाकडं ड्रिल मारतं. त्या पाण्याला वाट नसेल तर ते पोटात साठतं, ब्लॉक भिजून जड होतात, आणि ते खाली किंवा शेजारच्या भिंतीत जातं. म्हणून पोटाचा तळ हा एक वेगळा, वॉटरप्रूफ, उतार असलेला तळ हवा आणि त्याला बाहेर जाणारं स्वतःचं तोंड हवं. वेळ आणि पैसा वाचवायला गाळली जाते ती हीच गोष्ट.

१ : ४ चा (सिमेंट : वाळू) मसाला, गोणीमागे २०० मिली वॉटरप्रूफिंग द्रव. दाराशी ३० मिमी, डक्टकडे १० मिमी, म्हणजे १ : १०० च्या आसपास उतार. भिंत आणि जमीन मिळते तिथे चारी बाजूंनी ५० मिमीची गोलाई काढली. काटकोनात लावलेलं कोटिंग तिथेच चिरतं.

डक्टकडच्या भिंतीत सगळ्यात खालच्या बिंदूला ४० मिमी पीव्हीसी पाइप. भोक विटांत घेतलं. भिंत बीमवर उभी आहे आणि बीमचा माथा स्लॅबच्या पातळीत आहे, त्यामुळे बीमला हात लागला नाही. काही इमारतींत बीम स्लॅबच्या वर उचललेला असतो, तिथे इंजिनिअरला विचारल्याशिवाय भोक पाडायचं नाही. पाइपाचं आतलं तोंड उताराच्या थराशी बरोबर जुळवलं, २ मिमीही वर नाही. वर राहिलं तर तेवढं पाणी कायम तळाशी उभं राहतं.

बाहेरचं तोंड डक्टमध्ये उघडंच, भिंतीपुढे १०० मिमी, स्टीलची बारीक जाळी लावून. ते उभ्या पाइपाला जोडायचं नाही. जोडलं तर वास आणि झुरळं उलटी पोटात येतात, आणि गळती सुरू झाली तरी कोणाला कळत नाही. उघडं असलं की एक थेंबही दिसतो.

१६ जानेवारी : खालचं कोटिंग

दोन घटकांचं, अ‍ॅक्रिलिक पॉलिमर आणि सिमेंटचं लवचिक कोटिंग. पृष्ठभाग ओलसर, पण वर पाणी तरंगत नाही अशा स्थितीत. पहिला हात आडवा, पाच तासांनी दुसरा उभा. गोलाईवर आणि निचरा पाइपाच्या तोंडाभोवती पहिला हात ओला असताना फायबरची जाळीपट्टी दाबून बसवली. भिंतीवर स्लॅबपासून ३०० मिमीपर्यंत चढवलं, म्हणजे नव्या जमिनीच्याही सुमारे ८५ ते १०५ मिमी वर. जमीन आणि भिंती मिळून सुमारे ५ चौ.मी., माल ९ किलो लागला. पातळ करून जास्त जागेला पुरवायचं नाही. दोन हातांत चौ.मी.ला दीड ते दोन किलो बसलाच पाहिजे.

२१ जानेवारी : पहिली पाणीचाचणी

१९ तारखेला निचरा पाइप आतून बंद केला, दाराशी मसाल्याची पाळ घातली, ४० मिमी पाणी भरलं आणि भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. ४८ तासांनी पातळी ३ मिमी उतरली. खिडकी उघडी होती, एवढं बाष्पीभवन अपेक्षित आहे. खालचं छत, विशेषतः बंद केलेलं भोक, हात लावून आणि विजेरीने पाहिलं : नव्याने ओल नाही. बूच काढलं, पाणी निचरा पाइपातून बाहेर गेलं, तळाशी कुठेही डबकं उरलं नाही. उताराची चाचणी त्यातच झाली.

२२ जानेवारी : सांडपाण्याचे पाइप

कोटिंगवर आधी १० मिमी मसाल्याचा संरक्षक थर, मग पाइप. सगळे एसडब्ल्यूआर (मैला आणि सांडपाण्यासाठीचे पीव्हीसी पाइप) टाइप बी. टाइप ए पावसाच्या पाण्याला आणि हवेच्या पाइपाला असतो, भिंत पातळ असते. जमिनीखाली तो घालायचा नाही. सांधे सॉल्व्हंटचे (पाइप चिकटवणाऱ्या द्रवाचे). रबर रिंगचा सांधा डक्टमध्ये चांगला, कारण उन्हाने पाइप वाढतो आणि रिंग त्याला सरकू देते. भरावाखाली तापमान फारसं बदलत नाही. तिथे न हलणारा सांधा बरा.

कापलेल्या टोकाची कड कानशीने घासली, आत किती जायचं ते मार्करने रेघ मारून ठरवलं. सॉल्व्हंट दोन्ही अंगांना, पाव फेरा फिरवून आत, अर्धा मिनिट दाबून. जादा सॉल्व्हंट बोटाने आत ढकलला तर तो पाइपात कडा करून बसतो आणि केस तिथेच अडकतात. वळणाला ९० अंशांचा एक एल्बो घेण्याऐवजी ४५ चे दोन घेतले.

उतार स्पिरिट लेव्हलच्या बुडबुड्यावर सोडला नाही. १.२ मीटरच्या पट्टीच्या खालच्या टोकाला ३० मिमीचा ठोकळा ठेवून वरची बाजू समतल दाखवते का ते पाहिलं. १ : ४० ची हीच सोपी खूण. दर ४०० मिमीला मसाल्याच्या खाचेत पाइप टेकवला, सांध्याच्या जवळ दोन्ही बाजूंना. अधांतरी राहिलेला भाग भरावाच्या वजनाने बसतो, मग उतार उलटा होतो.

डक्टमध्ये ७५ चा पाइप न्हाणीच्या पाइपाला तिरक्या वाय जोडाने, आणि त्याच्या आधी दाराचा (उघडता येणारं झाकण असलेला) बेंड. पुढे तुंबलं तर काढण्याची जागा तीच. कमोडसाठी भिंतीत १२५ मिमीचं कोअर कटिंग, मध्य स्लॅबपासून ३७५ मिमीवर : पक्की जमीन १९५ अधिक १८०.

२३ जानेवारी : पाण्याचे पाइप

जमिनीत दाबाचा एकही पाइप घातला नाही. सांडपाण्याच्या पाइपातून पाणी वापरापुरतं वाहतं. दाबाचा सांधा सुटला तर रात्रंदिवस वाहतं. सीपीव्हीसीच्या (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकच्या) सगळ्या लाइन भिंतीत, जमिनीच्या ३०० मिमी वरून, गरम आणि थंडमध्ये १५० मिमी अंतर ठेवून. मुख्य लाइन पाऊण इंची, नळांना अर्धा इंच.

सगळ्यात आधी नव्या पक्क्या जमिनीपासून १ मीटरची रेघ चारी भिंतींवर पाणीनळीने मारली. नळ, डायव्हर्टर, गीझर, हेल्थ फॉसेट सगळं या रेघेवरून. जमीन अजून भरलेली नसते, प्लंबर उभा असतो स्लॅबवर, आणि सवयीने पायापासून मोजतो. मग शॉवर माणसाच्या कानाशी येतो. डायव्हर्टर १ मीटरवर, गीझरचे अँगल कॉक १.८ मीटरवर.

पितळी आट्यांना टेफ्लॉन टेप. सुतळी-सफेदा नाही, कारण त्यातलं तेल सीपीव्हीसीला खातं. सॉल्व्हंट सुकायला २४ तास दिले.

२५ जानेवारी : दाबाची आणि भरण्याची चाचणी

हातपंपाने चौरस सेंटिमीटरला ७ किलो दाब, दोन तास, काटा स्थिर. हवा आधी सगळ्यात वरच्या तोंडातून काढली. हवा राहिली तर काटा स्थिर दिसत नाही आणि नसलेली गळती शोधत बसावं लागतं.

सांडपाण्याच्या लाइनला डक्टमध्ये चाचणी-बूच लावून ट्रॅपच्या तोंडापर्यंत पाणी भरलं. तासाभराने प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद फिरवला. सगळे कोरडे. मग बूच काढून बेसिनच्या तोंडातून बादलीभर पाणी एकदम ओतलं : ट्रॅपमधून वर उसळलं नाही. प्रत्येक पाइपाशेजारी उघडलेली टेप धरून फोटो काढले, भिंतीपासूनचं अंतर वाचता येईल असे.

२७ जानेवारी : भराव

पाइपांच्या दोन्ही कुशींत १ : ८ चा कोरडसर मसाला हाताने दाबून. त्यानंतर १०० मिमी जाडीचे ब्लॉक आडवे, २० ते २५ मिमी मसाल्यावर, दर्जा (ब्लॉकांमधले सांधे) मसाल्याने भरून. ६०० × २०० चे २१ ब्लॉक लागले, पाइपांच्या वाटेला तुकडे करवतीने कापून. ब्लॉक आधी ओलसर केले, बुडवले नाहीत. बुडवलेला ब्लॉक पाणी पितो आणि ते पोटात आठवडे राहतं.

नुसती वाळू भरणं सोपं आहे, पण ती वर्षभर बसत राहते. शिवाय एकदा भिजली की सुकत नाही.

२९ जानेवारी : वरचा कोबा

कोंबडी जाळी अंथरून १ : ४ चा कोबा, सरासरी ३० मिमी. जाळी तळाशी पडून राहिली तर उपयोग नाही. पहिला १५ मिमी थर, त्यावर जाळी, मग उरलेला. ब्लॉकच्या दर्जांवर पडणाऱ्या चिरा ती अडवते. उतार १ : ८०, चारी कोपऱ्यांतून ट्रॅपकडे दोरे लावून. ट्रॅपवर उंची वाढवणारा तुकडा सॉल्व्हंटने चिकटवला, कोब्याच्या बरोबरीत कापला. पुन्हा गोलाई. ओलं गोणपाट, सात दिवस.

६ फेब्रुवारी : वरचं कोटिंग

पद्धत तीच. जमीन, भिंतींवर ३०० मिमी, शॉवरच्या कोपऱ्यात १.८ मीटर. सुमारे साडेआठ चौ.मी., १५ किलो. कोटिंग ट्रॅपच्या गळ्यात आत वळवलं, म्हणजे कोटिंगवरून आलेलं पाणी ट्रॅपमध्येच पडेल.

१२ फेब्रुवारी : दुसरी पाणीचाचणी

भरण्याआधी निचरा पाइप पाहिला : मिनिटाला दोन-तीन थेंब, स्वच्छ. हे क्युरिंगचं पाणी, कोब्यातून आणि ब्लॉकमधून उतरणारं. ते आधी नोंदवून ठेवलं नाही तर चाचणीत दिसणारा थेंब कशाचा हे सांगता येत नाही. म्हणून भरलेल्या पाण्यात निळा खाण्याचा रंग घातला.

दुसऱ्या दिवशी थेंब निळसर आले. पातळी टप्प्याटप्प्याने उतरवली. जमिनीवरचं पाणी काढून फक्त ट्रॅपभोवती ओल्या मातीची पाळ करून भरलं, तर निळं चालू. ट्रॅपची बाजू कोरडी ठेवून उरलेल्या जमिनीवर भरलं, तर बंद. सांधा ट्रॅपच्या तुकड्याचा आणि कोब्याचा. पीव्हीसी आणि सिमेंट एकमेकांना धरत नाहीत, कोटिंग तिथे केसाएवढं उघडलं होतं. ट्रॅपभोवती १० × १० मिमी खाच, गुळगुळीत पीव्हीसी खरखरीत कागदाने घासून पॉलियुरेथेन सीलंट, एक दिवसानंतर जाळीपट्टीसह कोटिंगचे दोन हात. पुढच्या प्रत्येक कामात ही खाच कोबा करतानाच ठेवायची.

१९ फेब्रुवारी : पुन्हा चाचणी

रंगीत पाणी, ४८ तास. निचरा पाइपातून स्वच्छ थेंब, मिनिटाला एकाहून कमी, दुसऱ्या दिवशी तेही थांबले. निळा नाही.

२२ फेब्रुवारी : टाइल

जमिनीला ३०० × ३०० ची खरखरीत टाइल. ६०० ची टाइल चार दिशांच्या उताराला वाकत नाही. मग एक तर कडा वर येतात, नाहीतर गवंडी उतारच कमी करतो. टाइप २ चिकट मसाला, ६ मिमी दातांच्या थापीने, कोरडं सिमेंट न भुरभुरवता. एक टाइल उचलून पाठ पाहिली : मसाला सगळीकडे लागलेला आहे. दर्जा ३ मिमी, इपॉक्सी ग्राउट.

२६ फेब्रुवारी : बसवणं

कमोडचे स्क्रू हा शेवटचा धोका. टाइल ९, मसाला ५, म्हणजे १४ मिमीखाली कोटिंग आहे आणि स्क्रू ७५ मिमीचा. तो कोटिंग फोडणारच. भोकातली धूळ व्हॅक्यूमने काढून पॉलियुरेथेन सीलंट भरलं, त्यातच रावलप्लग आणि स्क्रू, बाहेर आलेलं पुसून घेतलं. कमोडच्या कडेला सिलिकॉन तीन बाजूंनी. मागची बाजू उघडी, म्हणजे पॅन कनेक्टर गळला तर पाणी दिसेल.

दार नव्या उंचीचं, डब्ल्यूपीसीचं (लाकूड-प्लास्टिकच्या मिश्रणाचं). जुनी फळी खालून कापली असती तर कडीची जागा चुकली असती. डक्टमधल्या निचरा पाइपावर लाल पट्टा आणि "पोटाचा निचरा : बंद करू नका" असं ऑइलपेंटने लिहिलं. रंगारी आणि कबुतरांची जाळी लावणारे अशी उघडी तोंडं बुजवतात.

लागलेला माल : सिमेंट ६ गोण्या, ब्लॉक २४ आणले आणि ३ उरले, कोटिंग दुरुस्तीसकट २६ किलो, ग्राउट १० किलो, ७५ मिमी पाइप एक लांबी, ५० मिमी पाइप दीड मीटर, ४० मिमी पाइप अर्धा मीटर, सीलंटच्या दोन नळ्या. फोटो, पातळ्यांचा तक्ता आणि ट्रॅपचं माप घरमालकांकडे आणि संस्थेच्या फाइलमध्ये एकेक प्रत.